आक्काचा चान्स

जुने व्हिडिओ गेम म्हातारपणी पुन्हा खेळायला घेतले तर मजा येते की नाही, हा प्रश्न शीतलराव आवटींनी आयुष्यभर राखून ठेवला होता. निवृत्तीनंतर एका दुपारी त्यांनी तो हातात घेतला आणि पाव तासात निकाली काढला. मजा येत नाही.

मिरज-सांगलीकडे जैन घरांत शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. हे पुण्याच्या हेडऑफिसातल्या मंडळींना पटवण्यात त्यांची विमा कंपनीतली निम्मी नोकरी गेली होती. उरलेली निम्मी गेली ‘निवृत्त झालो की करू’ असं म्हणत गोष्टी बाजूला ठेवण्यात. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी सन्मतीबाईंबरोबर करायच्या होत्या. त्या गेल्याच्या गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा त्या गोष्टींचाही निकाल लागला. मूलबाळ नव्हतं. एकट्यानं करता येण्याजोगी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ‘होडी’.

‘होडी’ हे काही त्या गेमचं खरं नाव नव्हे. पंचाण्णव साली तात्यांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, मिरजेच्या लक्ष्मी मार्केटातून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्याच्या कॅसेटवरचं लेबल फाटलेलं आणि पडद्यावरची अक्षरं जपानी, तेव्हा घरानं आपलं नाव ठेवून घेतलं. लाल टोपीवाला एक माणूस नदीतून होडी हाकत जायचा. खडक चुकवायचे, ओंडके चुकवायचे, मगरी चुकवायच्या आणि काठावर हात वर करून उभी असलेली माणसं होडीत घ्यायची. कशालाही धडकलात की बुडालात. एवढाच तो गेम. पण शीतलरावांना सबंध आयुष्यात आपण सर्वांत सुखी कधी होतो असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी बेलाशक सांगितलं असतं, की मे महिन्याच्या सुट्टीत, चार वाजायच्या सुमाराला, होडी खेळताना.

म्हणून त्यांनी जुन्या गेमांचा तो हल्ली मिळतो तसला डबा आणला, हट्टानं तारेचा रिमोट मागून घेतला, दार लावलं आणि बसले. पहिल्या वळणावर खडक, दुसऱ्यावर दोन ओंडके, तिसऱ्यावर डावीकडून मगर. सगळं जिथल्या तिथं होतं आणि बोटांना सगळं पाठ होतं. जांभई आली. छप्पन्न वर्षं जपून ठेवलेला लाडू चावायला जावा आणि तो भुसा निघावा, तसं त्यांना झालं. त्यांना राग आला, मग रडूही आलं. घरात पाहणारं कोणी नसल्यामुळे ते थोडा वेळ रडले आणि मग त्यांनी चहा केला.

हे सगळं दोन हजार एक्कावन्न सालातलं आहे, म्हणजे जुनी गोष्ट डोक्यातून पुसून पुन्हा कोरी करून देणारी ‘नवाई’ गावोगाव पोचल्यानंतरचं. तोवर सांगलीला विश्रामबागेतसुद्धा नवाई केंद्र निघालं होतं. शेजारचे मगदूम मास्तर तिथं जाऊन एक जुनं संगीत नाटक कोरं करून आले होते आणि आता रोज तेच नाटक लावून शेवट काय होणार म्हणून जिवाचं पाणी करत बसत. आठवड्यानं जुनं झालं की पुन्हा कोरं. नवे गेम काढणाऱ्या कंपन्यांनी तर गाशाच गुंडाळला होता. जुनंच नवं होत असेल तर नवं घेतो कोण? जुनं ते सोनं म्हणणाऱ्या पिढीला अखेर न्याय मिळाला, पण जरा जास्तच मिळाला.

केंद्रातल्या डॉक्टर नेहल चौगुले वयानं तरुण आणि बोलायला मोकळ्या होत्या. शीतलरावांना त्यांनी पहिल्याच भेटीत काका करून टाकलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

मेंदू हा जन्माचा सट्टेबाज आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या क्षणाला काय होणार यावर तो सतत पैज लावत असतो. पैज चुकली आणि अपेक्षेपेक्षा चांगलं काही हाती लागलं, की आनंद होतो. म्हणजे आनंद त्या गोष्टीत नसतो. जे वाटलं होतं आणि जे झालं, त्या दोहोंमधल्या फटीत तो असतो. मगर पहिल्यांदा येते तेव्हा घाबरगुंडी उडते. दहाव्यांदा ती चुकवता येते तेव्हा माणूस नाचतो. हजाराव्यांदा मेंदूची पैज आधीच बरोबर आलेली असते. फट बुजते, आणि आपण म्हणतो गेम जुना झाला. गेम बिचारा आहे तिथंच असतो.

आणि ती फट पुन्हा उघडायची कशी, तेही त्यांनी सांगितलं. आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. जुनी आठवण जागी झाली की ती काही तास मऊ पडते, तापवलेल्या गुळासारखी, आणि मग पुन्हा घट्ट होते. ती मऊ असताना कवटीबाहेरून नेमक्या जागी ध्वनिलहरी सोडल्या, कानाला न ऐकू येणाऱ्या, तर तेवढा भाग पुन्हा घट्ट होत नाही. विरून जातो. सुई नाही, चीर नाही, डोक्यावर एक टोप घालायचा आणि गेम खेळायचा. आपण तो गेम पूर्वी खेळलो होतो ही माहिती शिल्लक राहते, कारण माहितीचं कपाट मेंदूत वेगळं असतं. पानिपत झालं हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं ते माहीत राहतं. त्यात आपण स्वतः नसतो, इतकंच.

‘मग अडचण काय?’ शीतलरावांनी विचारलं.

अडचण काहीच नव्हती. आधी एकदा नकाशा काढायचा, म्हणजे कोरं नेमकं कुठं करायचं ते कळतं, एवढंच. टोप घालून शीतलराव होडी खेळायला बसले. शेजारच्या पडद्यावर त्यांच्या आनंदाची रेघ उमटत होती आणि ती आडवी पडलेली होती. मिरजेच्या स्टेशनावरचे रूळ परवडले. डॉक्टरबाई त्यांच्याकडे पाहून सहानुभूतीनं मान हलवत होत्या, इतक्यात त्या पुढं वाकल्या. त्यांनी आणखी एकदा खेळायला सांगितलं. मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी टोप काढून घेतला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

‘काका, एक विचारू? तुम्हाला बुडायला आवडतं का?’

शीतलरावांना वाटलं चेष्टा चालली आहे. पण डॉक्टरबाईंनी रेघ दाखवली. खेळताना आडवी, आणि होडी बुडाली रे बुडाली की रेघ ताडकन वर. दर वेळी. लोकांची रेघ बुडताना खाली जाते, असा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आणि दुसरी गोष्ट त्यांनी हळूच विचारली. बुडाल्यावर प्रत्येक वेळी तुम्ही रिमोट डावीकडं पुढं करता, तिथं भिंत आहे. तिथं कोण बसायचं?

‘आक्का,’ शीतलराव म्हणाले, आणि आपला आवाज असा का झाला ते त्यांनाच कळेना.

मग त्यांनी सांगितलं. गेमबरोबर रिमोट दोन आले होते, त्यातला दुसरा पहिल्याच महिन्यात मेला. गेम आणला होता मुलासाठी. पद्मजाआक्का त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा चौदाची. तिनं खेळायचं असं घरात कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. घर जैनांचं, रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळे चार वाजले की आई चूल धरायची आणि आक्का तिच्या हाताखाली. पण आक्काला होडी आवडायची. दारातून जाता-येता ती थबकून बघायची. तेव्हा दहा वर्षांच्या शीतलनं एक युक्ती काढली होती. नियम असा केला, की जो बुडाला त्यानं रिमोट दुसऱ्याला द्यायचा. आणि मग तो चांगली चाललेली होडी मुद्दाम खडकावर नेऊन घालायचा आणि ओरडायचा, ‘आक्का, तुझा चान्स!’ आक्का ओल्या हातांनी धावत यायची, परकराला हात पुसायची आणि डावीकडं बसायची. एरवी ती घरात फारशी बोलत नसे. रिमोट हातात असला की तेवढा वेळ भडाभडा बोलायची. ‘ही बघ मगर, आली बघ, जा गं बाई घरी.’ तो हसून लोळायचा.

डॉक्टरबाई हसल्या आणि मग गंभीर झाल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. गेमची सवय आणि ती हाक, त्या डाव्या बाजूची वाट पाहणं, हे सगळं एकाच गुंत्यात आहे. सोडवून वेगळं करता येणार नाही. होडी कोरी केली तर होडी पुन्हा नवी होईल, रोज दुपार मजेत जाईल, पण बुडाल्यावर जे होतं ते जाईल. आक्का बसायची हे माहीत असेल. पानिपतासारखं.

आणखी एक गोष्ट होती. नकाशात दुसरं हयात माणूस सापडलं, तर कोरं करण्याआधी त्याला सांगून यायचं, असा आता नियम झाला होता. सोमवारची वेळ लिहून ठेवते, म्हणाल्या. तोवर आक्कांशी बोला.

घरी येताना शीतलरावांच्या ध्यानात आलं, की आपण आक्काशी शेवटचं बोललो त्याला वर्ष होत आलं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवायला तरी गेलो असतो. आक्का लग्न होऊन बेळगावला गेली, तिचा संसार, यांची नोकरी, आधी दर पंधरवड्याला फोन, मग सणाला, मग कोणी वारलं की. असंच होत जातं, त्यात कोणाची चूक नसते आणि म्हणूनच ते दुरुस्त होत नाही. पण आज ते वेगळ्या तोऱ्यात होते. साऱ्या जगात फक्त आपल्या दोघांचं असं काहीतरी अजून आपल्या डोक्यात जिवंत आहे, यंत्रानं दाखवलंय, हे त्यांना कळलं होतं. कोरं करायचं की नाही हा विचार त्यांनी बाजूला ठेवला. आधी आपल्या डावीकडच्या त्या जागेवर आक्काला बसवायचं होतं.

शनिवारी दुपारी गेमचा डबा पिशवीत घालून ते बेळगावला, शहापुरात, आक्काच्या दारात उभे राहिले. भावोजी जाऊन तीनेक वर्षं झाली होती, मुलगा धारवाडला असे आणि रविवारी येऊन जाई. आक्का सत्तरीची, वाळलेली, पण काठीसारखी ताठ. तिनं त्यांना पाहिलं आणि म्हणाली, ये की, फोन तरी करायचास, कुकर मोठा लावला असता. तिनं पाणी दिलं, कुंदा दिला. सन्मतीचा विषय निघाला तेव्हा तिनं आणखी चमचाभर कुंदा वाढला. मग शीतलरावांना राहवेना. त्यांनी डबा काढला आणि टीव्हीला जोडला.

‘अय्या, होडी,’ आक्का म्हणाली.

ती उजवीकडं बसायला लागली. शीतलरावांनी तिला उठवून डावीकडं बसवलं आणि खेळायला सुरुवात केली. पहिलं वळण, दुसरं वळण. मग त्यांनी होडी सरळ खडकावर घातली आणि रिमोट डावीकडं धरला. घशातून जुनी हाक आपोआप निघाली. ‘आक्का, तुझा चान्स.’

आक्कानं रिमोट घेतला. खरोखर घेतला. भिंतीऐवजी तिथं एक हात होता, हाडं लागणारा, हळदीच्या वासाचा. शीतलरावांना त्या वेळी टोप घातला असता, तर रेघ पडद्याबाहेर गेली असती. सन्मतीबाई गेल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आक्का खेळायला लागली. पुढं झुकून, ओठ दाबून. तिसऱ्या वळणावर डावीकडून मगर आली आणि आक्का दचकली. नुसती दचकली नाही, तिच्या हातून रिमोट सुटता सुटता राहिला. ‘अगं आई गं,’ ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी खिदळली. ‘हिनं भेवडवलं बघ.’

शीतलराव तिच्याकडं पाहत राहिले. तिसऱ्या वळणाची मगर आक्कानंच त्यांना शिकवली होती.

पुन्हा होडी बुडाली. आक्कानं रिमोट दिला नाही, स्वतःच पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या वळणावर या वेळी ती सावध होती. मगर चुकली तेव्हा तिनं मूठ उंचावली आणि आपल्याशीच काहीतरी पुटपुटली. शेजारी कोणी बसलंय याचा तिला विसर पडला होता.

‘आक्का,’ शीतलरावांनी विचारलं, ‘तू कोरं करून घेतलंयस काय?’

‘होय की.’ तिनं खेळ थांबवला. ‘दोन वर्षं होतील. जुनं झालं की पुन्हा करते, परवाच करून आले. मस्त गेम आहे की रे. आपण खेळायचो म्हणे लहानपणी.’

म्हणे. स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या दुपारींबद्दल आक्का म्हणे म्हणाली.

शीतलरावांनी तिला काही विचारण्याआधी तिनंच शांतपणे सांगायला सुरुवात केली. फोन केला होता तुला तेव्हा, पण सन्मती दवाखान्यात होती, राहून गेलं. नियमही नव्हता त्या वेळी सांगायचा. हे गेल्यावर सबंध दिवस रिकामा झाला. आयुष्यात पहिल्यांदा दुपार माझी झाली. म्हटलं होडी खेळावी, पोटभर खेळायची राहिली होती. मुलानं डबा आणून दिला. बसले, आणि खेळता येईना. बोटं चालायची, पण कान स्वयंपाकघराकडं. पाच मिनिटं झाली की उठून गॅस बघून यायची. गॅस बंदच असायचा. घरात मी एकटी, हाक मारायला कोणी नाही, तरी उठत होते.

ती हुबळीच्या केंद्रात गेली होती. तिथंही नकाशा काढला. तिची रेघ आनंदाची नव्हतीच, दुसरीच होती. रिमोट हातात आला की ती रेघ चढायची आणि उतरतच नव्हती. डॉक्टरनं विचारलं, बाई, तुम्ही खेळताना कोणाला घाबरता?

‘आईला?’ शीतलरावांनी विचारलं.

आक्कानं जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता. शेजारणीची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती.

‘तुझ्या हाकेला रे. तू ओरडायचास ना, आक्का तुझा चान्स म्हणून. ते आईला ऐकू जायचं. तोवर तिला माझी आठवण नसायची, परसात उभं राहून दोन मिनिटं मला मिळायची. तुझी हाक आली की ती म्हणायची, खेळायला वेळ आहे होय तुला, मग हे निवड, ते घुसळ. मी पळत यायची ती धडधडत यायची. कधी एकदा बुडते आणि आत जाते असं व्हायचं. आता नाही होत तसं. पण व्हायचं, हे माहीत आहे मला.’

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी लावत होतं. शीतलरावांना आपल्या कानात ती दहा वर्षांच्या पोराची हाक ऐकू येत होती, खणखणीत, घरभर जाणारी. आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटून मारलेली.

‘मग सांगितलं का नाहीस तेव्हा?’

‘तू इतक्या आनंदानं ओरडायचास. तुला काय सांगायचं?’

 मग शीतलरावांनी शेवटची आशा धरून विचारलं. आपण मुद्दाम बुडायचो, चांगली होडी खडकावर घालायचो, तिला मिळावी म्हणून. ते तरी तिला तेव्हा कळत होतं का?

आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला खोटं बोलता येत नसे, लहानपणीही येत नसे. तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

‘ते नाही बघ मला माहीत,’ ती म्हणाली. ‘कळतही असेल. गेलं असणार त्यातच.’

मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. तू पण करून घे रे, म्हणाली, फार हलकं वाटतं. आणि पुन्हा टीव्हीकडं वळली, कारण तिची होडी तशीच अधांतरी थांबली होती.

शीतलराव उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळ उभे राहिले. आता करून घ्यायला हरकत काहीच उरली नव्हती. ज्याच्यासाठी थांबलो ते दोघांचं नव्हतंच. आपण ज्याला सुख म्हणून छप्पन्न वर्षं उराशी धरलं, ते तिच्या छातीतलं धडधडणं होतं. सोमवारी टोप घालायचा, की झालं. मगर नवी होईल, आणि रोज दुपारी खिदळायला एक कारण मिळेल. सांगलीहून निरोपही आला होता, सोमवार नक्की ना, म्हणून.

पण मग त्यांच्या मनात आलं, की आक्कानं आपली भीती टाकून दिली ते ठीकच केलं, ती तिची होती. तिनं सोसली, तिनं टाकली. मात्र आता ती पोरगी, ओल्या हातांनी पळत येणारी, परकराला हात पुसून धपकन बसणारी, मगरीला घरी जा म्हणणारी, ती साऱ्या जगात फक्त आपल्या डोक्यात उरली आहे. आपणही टोप घातला तर ती कुठंच नाही. सुखाची नसेल, तर नसो. भ्यालेली असली तरी ती आक्का होती. तिला आजपर्यंत आपण नीट पाहिलंच नव्हतं, आणि आज कुठं पहिल्यांदा दिसली तर लगेच पुसायची? मग होडी नाही रंगली आयुष्यात पुन्हा, तर न रंगो. त्यांनी डॉक्टरबाईंना नको म्हणून कळवून टाकलं. कारण लिहायला गेले, पण चार शब्दांत ते मावेना, म्हणून सोडून दिलं.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आक्काला त्या ऐकूसुद्धा गेल्या नाहीत. शीतलरावांनी गॅस बंद केला. आमटीला फोडणी तेवढी द्यायची राहिली होती, ती दिली. सन्मतीबाई गेल्यापासून एवढं शिकले होते. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या गच्चीवरचं ऊन पार कठड्यावर आलं होतं. दिवस मावळायला थोडाच अवकाश होता, आणि आक्का अजून अंधारानंतर जेवत नसे. आता तिला उठवलं नाही तर ती रात्रभर उपाशी राहणार. त्यांचं तोंड उघडलं. ‘आक्का’ हा शब्द जिभेवर येऊन थांबला.

त्यांनी तोंड मिटलं. ताट घेतलं, भात वाढला, आमटी वाढली, लिंबाची फोड ठेवली. पावलांचा आवाज न करता बाहेर गेले आणि ताट तिच्या डाव्या हाताशी, खेळताना नजर जाणार नाही, पण वास जाईल असं ठेवलं. मग आपल्या जागी बसून राहिले.

आक्का खेळत होती. कान कुठंही नव्हते तिचे. पाठ सैल होती, पाय पुढं पसरलेले. लहानपणी ती कायम उकिडवी बसून खेळायची, हे शीतलरावांना आत्ता आठवलं, आणि का बसायची तेही कळलं. ती पाचव्या वळणाच्या पुढं गेली होती, जिथं ती दोघं कधीच पोचली नव्हती. नदी तिथं रुंद होत होती आणि काठावर खूप माणसं हात वर करून उभी होती. आक्का एकेकाला होडीत घेत होती आणि प्रत्येकाला काहीतरी सुनावत होती.

आमटीचा वास गेला असावा. तिनं खिडकीकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं, बटण दाबून होडी जागच्या जागी थांबवली आणि रिमोट शीतलरावांच्या हातात ठेवला.

‘धर जरा. ऊन आहे तोवर जेवून घेते. खेळू नको हं, माझा चान्स चाललाय.’

‘जेव सावकाश,’ शीतलराव म्हणाले.

रिमोट तिच्या हातानं गरम झाला होता. आक्का भात कालवत होती आणि तिचे डोळे पडद्यावरच्या होडीवर होते. शीतलरावांनी दोन्ही हातांनी रिमोट धरला, अंगठे बटणांपासून लांब ठेवले, आणि तिचं जेवण होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.